खेळ आणि रांग

खेळण्यात खर्चिलेला वेळ हा दुःखितांपासून हिरावलेला वेळ असतो काय? बागेत छोट्या आगगाडीचे रूळ अंथरणाऱ्यास हा प्रश्न कोणीही विचारील. पण दिल्लीच्या हिंदूराव भागात तो अधिकच बोचतो. कागलकर घाटगे घराण्यातील, बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव यांची कोठी येथील टेकडीवर होती. १८५७ च्या वेढ्यात तिच्याभोवती तोफा धडाडल्या. आज तेथे त्यांच्याच नावाचे रुग्णालय आहे, आणि रुग्णालय म्हटले की रांग आलीच.

प्रथम ते काम तरी नीट पाहू. या छंदातील रुळांमधले अंतर बहुधा ४५ मिलिमीटर असते. १९६८ साली एका जर्मन कंपनीने ते रूढ केले. माती खणून, खडी ठासून, पाण्याला वाट काढून मगच रूळ टाकायचे. नाहीतर पहिल्याच पावसात पाया खचतो. दिल्लीत पौषातील पहाट आणि ज्येष्ठातील दुपार यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने पितळेचा १० मीटर रूळ सात-आठ मिलिमीटर लांबतो. सांध्यांत फट ठेवली नाही, तर तो वाकडा होतो. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान गाडीचा मार्ग २००५ च्या अतिवृष्टीत उखडला गेला. खेळणे लहान, म्हणून पाऊस त्यास सूट देत नाही.

तेव्हा हा आळस नव्हे. अर्थात श्रम झाले म्हणून काम निर्दोष ठरते, असेही नाही. कृपणही पुष्कळ श्रम करतो.

‘खेळाने मन ताजे होते, मग सेवा अधिक घडते,’ हे समर्थन मला लबाडीचे वाटते. आनंदाला उपयुक्ततेचा दाखला कशाला हवा? आजारी मूल बरे करावयाचे ते कशासाठी? त्याने घरी जाऊन पुन्हा खेळावे, यासाठीच ना! खेळ निरर्थक असेल, तर रुग्णालयातील अर्धे श्रमही निरर्थक ठरतील.

मात्र हाक आली की हातातली थापी खाली ठेवता आली पाहिजे, एवढी अट मी घालीन. पण रांगेतला मनुष्य हाक मारीत नाही. त्याला आपले नाव ठाऊक नसते. तो नुसता उभा असतो, आणि बागेच्या भिंतीपलीकडे तो दिसतही नाही. येथे माझा युक्तिवाद अडतो.