वीज कुठवर आली

जरा थांबा. काही करू नका.

समोर फोर्कलिफ्ट उभी आहे. बॅटरीवर चालणारी, ४८ व्होल्टची. चावी फिरवली, पेडल दाबलं, तरी जागची हलत नाही.

दाराशी ट्रक लागलेला असेल. कुणी हाका मारत असेल. मारू द्या. तुम्ही गाडीकडे पाहा.

फोर्क जमिनीला टेकले आहेत ना? हँडब्रेक ओढा. ड्राइव्हचं चाक जॅकवर उचला, खाली ठोकळे द्या. अचानक फिरलंच, तर हवेत फिरेल.

अंगठी काढा. मनगटावरचं घड्याळ काढा. बॅटरीच्या टोकांना धातू आडवा गेला, तर तो डोळ्यांदेखत लाल होतो.

आता बॅटरीवरचं झाकण उघडा. नुकतीच चार्ज झाली असेल तर आत हायड्रोजन साचलेला असतो. वारा लागू द्या.

लागू द्या वारा. मग श्वास घ्या. सावकाश.

झाकणाखाली २४ सेल. एकेक साधारण २ व्होल्टचा. मीटरचे प्रोब दोन टोकांना टेकवा आणि आकडा स्थिर होऊ द्या. भरलेली, विसावलेली बॅटरी ४८ च्या थोडं वरच असते, ५० च्या आसपास.

इथे वीज आहे. एवढंच मनाशी धरा.

झाकण उघडंच ठेवा, सीटखालचा स्विच कुणाला तरी हाताने दाबून धरायला सांगा. चावी लावा, दिशेचा खटका टाका, पेडल हलकेच दाबायला सांगा. आणि कान द्या.

जुन्या, साध्या बांधणीच्या गाडीत या वेळी कॉन्टॅक्टरची कॉइल ओढते. ‘टक्’ असा आवाज येतो.

आज येत नाही.

पुन्हा ऐका. नाही.

काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. चेसिसवर नको, या गाड्यांत निगेटिव्ह बहुधा चेसिसला जोडलेला नसतो. काळा प्रोब तिथेच राहू द्या. लाल प्रोब घेऊन पुढे चला.

फ्यूजच्या अलीकडे. आकडा आहे.

फ्यूजच्या पलीकडे. आहे.

चावीच्या पलीकडे. आहे.

सीटखालच्या स्विचच्या पलीकडे. आहे.

प्रत्येक जागी एक श्वासभर राहा. पुढची जागा कुठे पळून जात नाही.

आता कॉइलचं टोक. जोडणी सोडवून मोजा: ५०. जोडून मोजा: आकडा घसरतो. २०, १४, ९.

इथे थांबा. इथेच.

याच वळणावर कितीदा तरी नवी कॉइल मागवली जाते. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कॉइल धड असते. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. तांब्याची एकच तुटकी तार टोकाला टोक टेकून असली तरी तो पूर्ण आकडा दाखवतो. कॉइल मात्र खरा करंट मागते, आणि एवढा भार त्या नुसत्या टेकलेल्या टोकाला सोसत नाही. म्हणून मोजायचं ते लोड असताना.

म्हणजे बिघाड सीटच्या स्विचपासून कॉइलपर्यंत कुठेतरी आहे. एक वायर. हातभर लांब.

चावी बंद करा. बॅटरीचा प्लग काढा. कंट्रोलरमधले कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात. त्यांच्यावरचा आकडा शून्यापाशी येईपर्यंत वाट पाहा.

आता डोळे मिटा.

वायर चिमटीत धरा आणि बोटं पुढे सरकवा. वरचं आवरण गुळगुळीत आहे. कुठे चीर नाही, जळल्याचा वास नाही. आतलं तांबं ताठ लागतं. पुढे. ताठ. पुढे.

बिजागरीपाशी या. सीट बॅटरीच्या झाकणावरच बसवलेली आहे. चार्जिंगसाठी झाकण रोज उघडतं, रोज मिटतं, आणि ही वायर रोज एकाच जागी वाकते.

इथे बोटं थांबवा.

वायर इथे वातीसारखी लवते. हलकेच ताणा. आवरण रबरासारखं लांबतं, कारण आत धरून ठेवणारं कुणी उरलेलं नाही.

पुन्हा चिमटीत घ्या. बोटांना कळू द्या. फरक किती बारीक आहे, बघा.

मग डोळे उघडा आणि तिथे कापा. तारा काळ्या पडल्या आहेत, टोकं आखूड तुटली आहेत. मधली एकच चकाकते.

काळं तांबं संपेपर्यंत मागे कापत जा. नवी वायर घाला, पहिलीपेक्षा थोडी लांब. बिजागरीपाशी सैल वळसा द्या आणि दोन्ही बाजूंना क्लॅम्प लावा, म्हणजे वाकणं एका जागी साचणार नाही.

प्लग लावा. चावी लावा, पेडल दाबायला सांगा. सीटचा स्विच हाताने दाबून धरा आणि झाकण उघडा, मिटा, पुन्हा उघडा. प्रत्येक वेळी कॉइलवरचा आकडा टिकतो का, लोडवर बघा.

टिकला, की रजिस्टरमध्ये जागा लिहा: सीट स्विचची वायर, बिजागरीजवळ. याच बनावटीच्या बाकीच्या गाड्यांचीही झाकणं आज उघडायची आहेत.