आठव्या दिवसाचा खर्च

(वाचन : लूक १०:२५-३७, १ करिंथ १६:१-४, २ करिंथ ८ व ९)

३१ मार्च २०१६ चा दिवस. कोलकात्याच्या बडाबाजार भागात, विवेकानंद मार्गावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल भर दुपारी कोसळला. खाली रहदारी होती, माणसे होती. पंचवीसहून अधिक जीव गेले आणि कितीतरी अधिक माणसे जखमी झाली. मोठी यंत्रे येऊन पोहोचण्याआधीच आसपासचे लोक धावले आणि हातांनी दगडमाती उपसू लागले. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा धर्म कोणता, भाषा कोणती, हे कोणी विचारले नाही.

त्याच्या आदल्याच दिवशी, ३० मार्च रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा आदेश दिला होता. रस्त्यावरील अपघातात सापडलेल्याला मदत करणाऱ्या माणसाला पोलीस व रुग्णालये यांच्याकडून त्रास होऊ नये, ह्यासाठी आखलेल्या नियमांना न्यायालयाने कायद्याचे बळ दिले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच तशी दुरुस्ती झाली. अशा मदत करणाऱ्याला आपल्या देशाच्या कायद्याने 'गुड समॅरिटन' हे नाव दिले आहे. म्हणजे कोण, तर आपला चांगला शोमरोनी! प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातला मनुष्य आज भारताच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला आहे. आपण देवाचे आभार मानावे अशीच ही गोष्ट आहे.

परंतु प्रभूचा दाखला रस्त्यावर संपत नाही, इकडे आपले लक्ष असावे. याजक गेला, लेवी गेला, शोमरोनी थांबला, एवढे आपण मुलांनाही शिकवतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेले आणि ती रात्र त्याची शुश्रूषा केली. मग उजाडला दुसरा दिवस. त्या दिवशी त्याने दोन दिनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हाती दिले. द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून आपल्याला ठाऊक आहे की एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची कमाई. ही रक्कम अपुरी पडेल हे शोमरोन्याला कळत होते. म्हणून त्याने शब्द दिला की याहून जे काही अधिक लागेल ते खर्च करा, मी परत येईन तेव्हा फेडीन.

वाचकहो, आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते ह्या 'अधिक' खर्चाविषयी.

मे २०२५ पासून केंद्र सरकारची एक योजना लागू झाली आहे. रस्ता अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला अपघाताच्या दिवसापासून जास्तीत जास्त ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळावेत, अशी तिची तरतूद आहे. योजना चांगली आहे. तिने कित्येकांचे प्राण वाचावेत अशी प्रार्थना आपण करू. पण सात दिवस संपले की आठवा दिवस उजाडतो.

आठव्या दिवशी घरात काय असते? कण्याला मार बसलेला कर्ता मुलगा खाटेवर असतो. त्याच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दिवसरात्र दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते. लघवीची नळी, तिची स्वच्छता, रोजचा व्यायाम, पुढे चाकांची खुर्ची, ती आत यावी म्हणून रुंद करायचा दरवाजा, बदलायचा संडास. डोक्याला मार असेल तर बोलणे, गिळणे, माणसे ओळखणे हेही पुन्हा शिकवावे लागते. हे काम महिन्यांचे, कधी वर्षांचे असते. विम्याचे पैसे बहुधा रुग्णालयाच्या दारापाशीच थांबतात. आई नोकरी सोडते, बायकोच्या पाटल्या सोनाराकडे जातात. आणि आपण? आपण पहिल्या आठवड्यात फळे घेऊन गेलो, प्रार्थना केली, पाकीट दिले. दुसऱ्या महिन्यात उपासनेत त्याचे नाव घेतले. चौथ्या महिन्यात त्याचे नाव यादीतून गळाले. कोणी मुद्दाम गाळले नाही, आपण केवळ विसरलो. आपले दोन दिनार तेवढेच होते.

ओरिजेन, ऑगस्टीन अशा प्राचीन मंडळीच्या आचार्यांनी ह्या दाखल्याचा एक अर्थ असा लावला आहे की शोमरोनी म्हणजे स्वतः ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे मंडळी. हा अर्थ स्वीकारला तर आपली जागा कोणती? आपण उतारशाळेवाले आहोत. जखमी माणूस प्रभूने आपल्या दारात आणून ठेवला आहे आणि तो पुन्हा येणार आहे. तोवरचा अधिक खर्च आपण करायचा आहे. फेडण्याचे वचन त्याचे आहे, हिशेबाची वही मात्र आपल्या हाती आहे.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण मागणाऱ्याची. 'आमच्या घराने आजवर कोणापुढे हात पसरला नाही,' असे म्हणून पुष्कळ कुटुंबे कर्जात बुडतात पण तोंड उघडत नाहीत. बंधूंनो, भगिनींनो, आपल्या प्रभूने याकोबाच्या विहिरीपाशी एका परक्या स्त्रीकडे पाणी मागितले. पौलाने यरुशलेमेतील गरीब बांधवांसाठी करिंथकरांकडे पैसे मागताना दोन संपूर्ण अध्याय लिहिले. आपल्या माणसासाठी मागणे ही लाज नव्हे. दुसऱ्याला शोमरोनी होण्याची ती संधी आहे.

दुसरी अडचण देणाऱ्याची. आपण प्रार्थना करतो आणि तेवढ्याने कर्तव्य झाले असे मानतो. मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्याला पेत्राने सांगितले होते की माझ्यापाशी सोनेरुपे नाही. त्याच्यापाशी खरोखरच नव्हते. आपल्यापाशी आहे. खिशात पैसे असताना पेत्राचे शब्द वापरणे आपल्याला शोभत नाही. देव चमत्कार करतो, ह्यावर माझा विश्वास आहे. पण पुष्कळदा तो चमत्कार चिकाटीच्या रूपाने येतो, हेही विसरू नये.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचे उदाहरण पाहा. १९५४ साली मोटारीच्या अपघातात त्यांच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्या तरुण डॉक्टर होत्या. सर्व संपले असे वाटत असताना डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांना शस्त्रक्रियेकडे वळवले आणि चाकांच्या खुर्चीत बसून त्या कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे ऑस्ट्रेलियात त्यांनी स्वतः पुनर्वसनाचे उपचार घेतले, न्यूयॉर्कमध्ये ह्याच विषयाचे शिक्षण घेतले आणि परत येऊन वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा सांभाळली. तेथील पुनर्वसन संस्था १९६६ साली उभी राहिली. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पाय परत आले नाहीत. तरी त्यांच्या हातून किती जणांना आयुष्य परत मिळाले! पहिल्या वर्षी त्यांच्यावर खर्च झालेला पैसा आणि वेळ वाया गेला असे कोण म्हणेल? पुनर्वसनाचा अर्थ माणूस पूर्वीसारखा व्हावा एवढाच नाही. आहे त्या शरीराने त्याला पुन्हा माणसांत आणणे, कामाला लावणे, त्याचा मान राखणे, हाही त्याचा अर्थ आहे.

कोलकात्याचीच आणखी एक गोष्ट सांगतो. तिची सुरुवात मुंबईत झाली. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे युखरिस्तिक परिषदेसाठी मुंबईला आले. परत जाताना आपल्यासाठी आणलेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी मदर तेरेसा यांना भेट दिली. मदरनी त्या मोटारीची सोडत काढली, लोकांकडून पैसा गोळा केला आणि तो कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी पश्चिम बंगालमध्ये उभारायच्या शांतीनगर ह्या वसाहतीला दिला. सोडतीविषयी आपल्या निरनिराळ्या मंडळ्यांत निरनिराळी मते आहेत, तो वाद येथे नको. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, मानाची वस्तू घरात मिरवण्यासाठी ठेवली गेली नाही. रुग्णाच्या गरजेपुढे तिची किंमत त्यांना बरोबर कळली. आपल्या मंडळीत अशी 'पांढरी मोटार' कोणती? वर्धापनदिनाचे जेवण? नवा ध्वनिक्षेपक? बारशाचा मंडप? प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

मग करावे काय? पौलानेच वाट दाखवली आहे. त्याने सांगितले की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे थोडे बाजूला काढून ठेवावे. एकदाच मोठी रक्कम देऊन मोकळे होण्यापेक्षा दहा घरांनी वर्षभर दरमहा ठरावीक पैसे द्यावेत, कारण व्यायामतज्ज्ञाचे पैसे दरमहाच द्यावे लागतात. पैशाच्या बाबतीत कोणी दोष लावू नये म्हणून पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला. आपणही दोन विश्वासू माणसे नेमावीत, वेगळे खाते ठेवावे, कुटुंबाला आणि देणाऱ्यांना हिशेब दाखवावा. जखमी माणसाचे उघडेवाघडे छायाचित्र दाखवून पैसे मागू नयेत. त्याची परवानगी घ्यावी, त्याची अब्रू जपावी.

पैशाइतकीच माहितीही मोलाची असते. कोलकात्यात बनहुगली येथे १९७८ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची अस्थिव्यंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासूनची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था आहे. अशा ठिकाणी आधी चौकशी करावी. मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज विलंब न लावता करावा आणि मंडळीत कोणी वकील असेल तर त्याने तेवढी सेवा विनामूल्य द्यावी. ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने एक रात्र रुग्णापाशी बसावे, म्हणजे त्या आईला एक रात्र झोप मिळेल. शोमरोन्यानेही पैसे दुसऱ्या दिवशी दिले. पहिली रात्र त्याने स्वतः दिली होती.

शेवटी, प्रिय वाचकहो, आठव्या दिवसाकडे पुन्हा वळू. पुनरुत्थानानंतर आठ दिवसांनी प्रभू बंद दारांतून शिष्यांमध्ये आला आणि त्याने थोमाला आपल्या जखमा दाखवल्या. पुनरुत्थित देहावरही त्या जखमा होत्या. प्राचीन मंडळी रविवारला आठवा दिवस असेही म्हणत असे, कारण सृष्टीचे सात दिवस संपल्यावर देवाने नव्या सृष्टीचा आरंभ केला तो ह्या दिवशी. ज्या दिवशी आपण उपासनेला जमतो, ज्या दिवशी पौलाने वर्गणी बाजूला काढायला सांगितली, तोच हा दिवस. जगाची मदत सात दिवसांनी थकते तेव्हा मंडळीचा दिवस सुरू होतो.

येत्या रविवारी उपासना आटोपल्यावर घरी जाण्याआधी एकाच गोष्टीची आठवण करा. मागच्या वर्षी ज्याच्या अपघाताची बातमी ऐकून आपण हळहळलो होतो, तो आज कसा आहे? त्याच्या दारी जा. रिकाम्या हातांनी जाऊ नका, आणि एकदाच जाऊन थांबू नका.

हे प्रभू, तू आम्हांला वाटेवर पडलेले पाहिलेस आणि पुढे निघून गेला नाहीस. ज्यांना तू आमच्या दारात आणून ठेवले आहेस त्यांना आम्ही विसरू नये असे कर. मागणाऱ्यांची लाज आणि देणाऱ्यांचा कंटाळा दूर कर. तू परत येशील तेव्हा आमच्या वहीत त्यांच्यासाठी केलेला खर्च तुला सापडो. आमेन.