मदतीचा हिशेब

दुसऱ्याच्या मदतीनं मिळवलेलं यश आपलं म्हणावं का? गिर्यारोहणाच्या इतिहासात हा प्रश्न एकदा फार गंभीरपणे विचारला गेला. त्या गोष्टीचा आपल्या पुण्याशीही थोडा संबंध आहे.

१९२२ साली ब्रिटिशांची मोहीम एव्हरेस्ट चढायला निघाली. लोकरी स्वेटर आणि ट्वीडचे कोट हाच तेव्हाचा पोशाख! त्यांच्यातल्या जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञानं मात्र बलूनच्या कापडात पिसं भरून एक कोट करवून घेतला होता. सहकारी आधी हसले. थंडी वाढल्यावर त्यांना त्याचा हेवा वाटू लागला. आज तसलीच जाकिटं आपण हिवाळ्यात मुलांना घालतो.

खरा वाद झाला तो प्राणवायूवरून. यंत्राचं वजन सुमारे साडेचौदा किलो. हिंदुस्थानात येताना जहाजावरच फिंच सगळ्यांकडून त्याचा सराव करून घेई. पण नळकांड्यातली हवा घेऊन चढणं ही लबाडी आहे, असं अनेकांना वाटे. मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल प्राणवायूशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत पोचले. नंतर फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायू घेऊन सुमारे ८,३२० मीटरपर्यंत गेले.

मला खटकतं ते वेगळंच. प्राणवायू नको म्हणणाऱ्यांचेही तंबू आणि अन्न वर नेत होते शेर्पा आणि भोटिया हमाल. त्या मदतीला कुणी लबाडी म्हटलं नाही. त्याच मोहिमेत ७ जूनला बर्फाचा लोंढा कोसळून सात हमाल गेले. आपल्यापैकी एकही जण त्यांच्याबरोबर का गेला नाही, ही खंत सॉमरव्हेलनं पुढे लिहून ठेवली.

१९५३ साली तेनसिंग आणि हिलरी प्राणवायू घेऊनच शिखरावर पोचले. तेव्हा फिंच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर प्राणवायूशिवाय चढले; पण त्यांच्या मोहिमेचं सामान वाहायलाही शेर्पा होतेच.

म्हणजे मदत सगळेच घेतात. नवी मदत डोळ्यांत भरते, सवयीची दिसेनाशी होते.

आपण परदेशस्थ मंडळी अभिमानानं सांगतो, "दोन बॅगा घेऊन आलो, सगळं स्वतःच्या हिमतीवर उभं केलं." कष्ट आपलेच होते, यात शंका नाही. पण आईवडिलांची दुखणी काढणारा भाऊ, बाळंतपणाला सहा महिने येऊन राहिलेली आई, यांची नोंद कुठे होते? आणि गावच्या घराची वाटणी निघाली की आपणच विचारतो, "तो तर तिथंच होता, त्यानं काय केलं?"

मदत घेण्यात कमीपणा नाही. फिंचनं आपलं नळकांडं लपवलं नाही, पाठीवर उघड वागवलं. आपणही मुलांना आपल्या चढाईची गोष्ट सांगताना ओझं वाहणाऱ्यांची नावं सांगावीत. आणि वाटणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी ती एकदा स्वतःलाही आठवावीत.