निवृत्ती आणि वाटणी

वाचकहो, 'निवृत्ती' हा शब्द आपल्या संप्रदायात मोठ्या मानाचा. ज्ञानोबारायांच्या सद्गुरूंचेच ते नाव. परंतु हल्ली हा शब्द कचेरीत व कारखान्यात जाऊन बसला आहे आणि तेथे त्याला 'स्वेच्छा' हे विशेषण चिकटले आहे. अठ्ठावन्न-साठची वाट न पाहता पन्नाशीतच हिशेब चुकता करून घरी यावयाचे, याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. २०१९ साली भारत संचार निगमने अशी योजना काढली, तेव्हा पन्नाशी गाठलेल्या ७८,००० हून अधिक लोकांनी ती घेतली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी त्यांची नोकरी संपली. असा मोकळा झालेला मनुष्य भजनाला येऊन बसला की आम्हा कीर्तनकारांना आनंद होतो. का न व्हावा? टाळ धरायला एक जोडी हात वाढतात! या आनंदातच आमच्या हातून एक चूक घडली. ती आज सांगावयाची आहे.

२०२३ च्या चातुर्मासात एका गावी आमची सेवा होती. तेथील एक गृहस्थ, वय बावन्न, कारखान्यातली नोकरी नुकतीच सोडून आलेले. रोज काकड्याला हजर, गळ्यात तुळशीची माळ, पाठ उत्तम. आम्ही सहज विचारले, "पुढचं कसं काय?" तर म्हणाले, "महाराज, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि कंपनीने दिलेले, सगळे मिळून बत्तीस लाख ठेवलेत. व्याजात भागतं. मुद्दलाला हात नाही. आता उरलेलं आयुष्य पांडुरंगाचं." आम्ही भारावलो. त्या रात्री तुकोबारायांचे चरित्र लावले होते. कर्जखते इंद्रायणीत सोडल्याचा प्रसंग रंगवला आणि भर कीर्तनात या गृहस्थांना उभे करून बुक्का लावला, गळ्यात हार घातला. टाळ्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी फराळाचे बोलावणे होते. ओसरीवर शिलाई मशीन आणि शेजारी शिवायच्या कापडांचा हा ढीग! यजमान पाणी आणावयास आत गेले तेव्हा त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "महाराज, यांना हार घातलात, बरं झालं. पण एक विचारू का? नोकरी यांनी सोडली. मला कुणी विचारलंच नाही, मी काय काय सोडू ते. पोरीची नर्सिंगची फी या मशीनवर निघते. रात्री बारा वाजतात."

आमच्या तोंडचा घास तोंडातच राहिला.

मग आम्ही यजमानांना बसते केले आणि वही मागवली. आमचे शिक्षण संस्कृत पाठशाळेतले खरे, पण मठाचा जमाखर्च तीस वर्षे आम्हीच लिहिला आहे, बरं का. बत्तीस लाखांस सात टक्क्यांनी वर्षाचे २,२४,००० रुपये, म्हणजे महिन्याला अठरा हजार सहाशे-साडेसहाशे. पेन्शन लवकर सुरू करून घेतलेली. कर्मचारी पेन्शन योजनेत अठ्ठावन्नच्या आधी जितकी वर्षे घ्याल, त्या प्रत्येक वर्षामागे चार टक्के कापले जातात, आणि सरकारी पेन्शनीसारखा महागाई भत्ता तीत नाही. ती तीन हजारांच्या आत. घरखर्च एकवीस हजार. जमते, नाही का? यजमानही हेच म्हणाले. पण त्या एकवीस हजारांत मुलीची फी नव्हती. दुखणेबाणे नव्हते, कंपनीचा विमा नोकरीबरोबरच गेला होता. आणि सर्वांत मोठी गोष्ट, त्यात काळ नव्हता. दरसाल सहा टक्क्यांनी भाव चढले तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. यजमान चौसष्ट वर्षांचे होतील तेव्हा त्याच डाळतांदळास बेचाळीस हजार लागतील आणि व्याज तेवढेच राहील. मुद्दलाला हात लावला नाही म्हणून मुद्दल शाबूत राहते, हा भ्रम आहे. महागाई ते बसल्या जागी खाते. ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी बचत योजनेत व्याज थोडे बरे मिळते, पण निवृत्त होऊन येणाऱ्यालाही त्यासाठी वयाची पंचावन्न वर्षे पुरी असावी लागतात. हे बावन्नचे.

आता प्रश्न पैशाचा राहिला नाही, धर्माचा झाला. मनूने वानप्रस्थ सांगितला तो केव्हा? अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले, नातवाचे तोंड पाहिले, म्हणजे मग. आणि मोक्षाकडे मन लावावयाचे ते तिन्ही ऋणे फेडून. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर भगवंतांनी स्पष्टच केले की कर्माला हात न लावल्याने नैष्कर्म्य येत नसते. आमच्या सावतोबांनी मळा सोडला नाही, गोरोबांनी चाक सोडले नाही. कोणी म्हणेल, बुवा, मग लवकर मोकळे होणे पापच का? तसे मुळीच नाही. ज्याचे शरीर थकले, ज्याच्या घरचे खाते भरले, त्याने खुशाल यावे, आम्ही टाळ देतो. आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगावात ज्यांची कामे गेली, त्यांची स्वेच्छा कोणी विचारली होती? त्यांना हा लेख लागू नाही. आमचा प्रश्न एवढाच, की एकाच्या विसाव्याचे मोल दुसरा रात्री जागून भरत असेल, तर त्याला वैराग्य म्हणावे का?

याचे उत्तर आमच्याच कीर्तनात होते आणि आम्हीच ते गाळले होते! परंपरेने सांगितलेली कथा अशी आहे की कर्जखते पाण्यात सोडण्यापूर्वी तुकोबांनी आणि कान्होबांनी त्यांचे दोन वाटे केले. बंधूचा वाटा बंधूच्या हाती ठेवला. इंद्रायणीत गेला तो फक्त तुकोबांचा. ही वाटणी सांगताना रंग भरत नाही, टाळी पडत नाही, म्हणून आम्ही वर्षानुवर्षे ती एका वाक्यात उरकीत आलो. या गावी तर तेवढीही सांगितली नाही.

यजमान बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. चिडले नाहीत, एवढे खरे. शेवटी म्हणाले, "महाराज, मला वाटलं होतं मी सगळं सोडलं." त्यावर बाई काही बोलल्या नाहीत, आत जाऊन त्यांनी आमच्या ताटात आणखी भगर वाढली.

पुढच्या एकादशीला आम्ही तोच प्रसंग पुन्हा लावला आणि वाटणी सावकाश सांगितली. कान्होबांचा वाटा वेगळा काढताना खतांची पाने मोजली जातात, तिथे थांबलो. झालेली चूकही आसनावरून कबूल केली. ते दोघेही समोर होते. यजमानांनी तोवर गावातल्या बियाण्यांच्या दुकानी सकाळचे चार तास हिशेब लिहिण्याचे काम धरले होते. काकडा करून जातात, हरिपाठाला परत येतात. बाई वाती वळीत बसल्या होत्या. आम्ही दुसऱ्या वाट्यापाशी आलो तेव्हा त्यांचे हात थांबले, एकदा वर पाहिले, आणि पुन्हा वळू लागल्या.