थेंब किती दिवस घालायचे?

पुणे जिल्ह्यातल्या अंदर मावळातून कान्हे फाट्यावर येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत आज कृत्रिम भिंग आहे. मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली, नातवंडाचा चेहरा स्वच्छ दिसला की घरादाराच्या लेखी काम फत्ते. मग महिनाभर घालायच्या थेंबांची बाटली दुसऱ्याच आठवड्यात फळीवर जाते.

ते थेंब बहुधा स्टेरॉइडचे असतात. डोळ्याला दिसू लागलं तरी आतली धुसफुस शमलेली नसते, तिला आवर घालायला ते दिलेले असतात. भिंगासारखी परकी वस्तू शरीरात शिरली की काही क्षणांत तिच्यावर प्रथिनांचा थर बसतो. त्याच्या मागावर मॅक्रोफेज पेशी येतात, तिला गिळू पाहतात, गिळता आलं नाही तर एकमेकींत मिसळून महापेशी होतात. शेवटी वावराला कुंपण घालावं तसं तंतूंचं आवरण तिच्याभोवती उभं राहतं. डोळ्यात हे पुष्कळ सौम्यपणे चालतं, सांध्यात किंवा छातीत जास्त जोरानं.

लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिलं भिंग बसवलं. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर ॲक्रिलिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसूनही शांत पडून राहिलेले त्यांनी पाहिले होते, म्हणून तेच द्रव्य निवडलं. पुढे संशोधक नुसत्या निवडीवर थांबले नाहीत. आज पेसमेकरच्या तारेच्या टोकाला स्टेरॉइड भरलेलं असतं, स्टेंटवर पेशींची वाढ रोखणाऱ्या औषधाचा लेप असतो. हे मोठंच काम आहे. पण वस्तू कितीही सुधारली तरी शरीराचा पहारा उठत नाही, आणि आपली आरोग्यव्यवस्था मात्र टाके निघाले की पाठ फिरवते.

याची किंमत मोजून झाली आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा २०१० साली जगभरातून परत मागवला गेला. त्यातून झडणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांवर शरीर तुटून पडत होतं, भोवतालचं मांस मरत होतं. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सरकारी समिती चौकशीला बसली तेव्हा बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागेना. सांधा माणसाच्या अंगात, आणि माणूस कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही! हा प्रकार मला त्या धातूपेक्षाही भयंकर वाटतो.

डिस्चार्ज कार्डावर भिंगाचं एक लहानसं स्टिकर चिकटवलेलं असतं: कंपनीचं नाव, भिंगाचा नंबर, अनुक्रमांक. रेशनकार्डाच्या पिशवीत ते कार्ड चुरगळून जातं. तो अनुक्रमांक आणि थेंबांचं वेळापत्रक, दोन्ही गावातल्या आशा सेविकेच्या वहीत उतरलं पाहिजे. ऑपरेशन पुण्यात झालेलं असलं तरी पुढची तपासणी कान्हे फाट्यावरच्या सरकारी रुग्णालयात व्हायला हवी. भातलावणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, लोकल पकडून नुसता डोळा दाखवायला कोण पुण्याला जाणार?