मांजराची निवृत्ती

निवृत्ती हा शब्द मांजराला लावला की खटकतो, कारण निवृत्त व्हायला आधी नोकरी असावी लागते. इंग्लंडमध्ये ती खरोखरच होती: लंडनच्या टपाल खात्यातील मनीऑर्डर कचेरीने १८६८ साली उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे ठेवली आणि त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला एक शिलिंग मंजूर केला, परराष्ट्र खात्यातील पामर्स्टन हा बोका तर २०२० साली रीतसर निवृत्त होऊन खेड्यात गेला. म्हाताऱ्या मांजराचे सुख म्हणजे खेड्यातली बाग, हे यामागचे चित्र मनोहर असले तरी तपासून पाहण्याजोगे आहे.

येथे शांतता आणि निश्चिंती यांत भेद करावा लागतो. शांतता म्हणजे गोंगाटाचा अभाव. निश्चिंती म्हणजे भोवतालच्या ओळखीतून येणारा निर्धास्तपणा. माणूस पहिलीसाठी गावाकडे जातो; मांजराला दुसरी हवी असते आणि ती त्याला वासातून मिळते, कारण गाल घासून ते वस्तूंवर आपला वास उमटवते आणि त्यावरून आपली जागा ओळखते. नवी बाग कितीही निवांत असली तरी त्या अर्थाने कोरी, किंवा शेजारच्या बोक्याच्या वासाने भरलेली असते.

म्हणूनच, मांजर घराचे असते, माणसाचे नव्हे, तेव्हा उतारवयात त्याला हलवूच नये, असे ठासून सांगणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे बरेचसे पटते. पण हम्फ्रीचे काय करायचे, याचे उत्तर त्याच्यापाशी नाही. १९८९ पासून डाउनिंग स्ट्रीटवर वावरलेला हा बोका मूत्रपिंडाच्या विकारामुळे १९९७ साली लंडनच्या उपनगरातील एका घरी हलवला गेला आणि २००६ पर्यंत जगला. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, परंतु ‘हलवूच नये’ हा नियम ढिला नक्कीच होतो.

शिवाय या पक्षाच्या ध्यानात न येणारी गोष्ट शरीराची आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा ९० मांजरांत सांध्यांची झीज आढळली. असे मांजर सहसा कण्हत नाही, पुष्कळदा लंगडतही नाही. ते फक्त कठड्यावर उडी मारणे सोडते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ते वयाने शांत झाले. म्हणजे जी शांतता बक्षीस म्हणून द्यायची, तीच कित्येकदा दुखण्याचे लक्षण असते. मग जुने घर की नवी बाग, हा वादच दुय्यम ठरतो. ते मांजर रोज कोणाच्या नजरेखाली असते, हे महत्त्वाचे ठरते. बाग जितकी मोठी, तितके दुखणारे मांजर झुडपाआड दिसेनासे होण्याची भीती अधिक. त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या दाराशी लागून असलेले चार पावलांचे अंगण बरे, जेथे उन्हाच्या जागेपर्यंत चढायला बुटकी पायरी आहे, मलमूत्राच्या ट्रेची कड एका बाजूने खाली कापलेली आहे, आणि लिलीची रोपे, जिचे परागकण अंगावरून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, मांजर आणण्यापूर्वीच उपटून टाकलेली आहेत.