ऐकणाऱ्यांचे एम. ए.

दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की इंग्रजीच्या एम. ए.ची बाजू मांडणारे लेख, महाविद्यालयांची पत्रके आणि मार्गदर्शनपर व्याख्याने सुरू होतात. त्यांतला युक्तिवाद एकच असतो. ही पदवी घेतली की इंग्रजी सुधारते, संवादकौशल्य येते, आत्मविश्वास वाढतो आणि मग भाषांतर, जाहिरात, कंटेंट रायटिंग, कॉर्पोरेट प्रशिक्षण अशी क्षेत्रे खुली होतात. विरोधात बोलणारेही याच जमिनीवर उभे असतात. त्यांची तक्रार एवढीच की ही क्षेत्रे प्रत्यक्षात खुली होत नाहीत. दोघांच्याही बोलण्यात शेक्सपिअर, स्विफ्ट, ब्राउनिंग यांचे नावसुद्धा येत नाही. एखाद्या विषयातला आशय संपूर्ण वगळूनही त्याचे समर्थन करता येत असेल, तर ते समर्थन त्या विषयाचे नव्हेच. ते दुसऱ्याच कशाचे तरी आहे.

बाकीची मते मला फार वेळ थांबवत नाहीत. मेकॉलेचे 1835चे टिपण आणि त्यापुढची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. ऑक्सफर्डात इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा 1894 साली सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडची मुले मिल्टन घोकत होती. तरीही हा विषय निव्वळ गुलामीचा अवशेष आहे असे म्हणणाऱ्यांनी भालचंद्र नेमाडे आणि गणेश देवी हे दोघेही याच विषयाच्या वर्गांतून बाहेर पडले, हे ध्यानात घ्यावे. साहित्य वाचून माणूस सज्जन होतो, याला पुरावा नाही. आणि यंत्र आता निबंध लिहून देते म्हणून हा अभ्यास संपला असे ज्यांना वाटते, त्यांनी निबंधालाच अभ्यास समजले आहे.

कौशल्यवाद्यांचे म्हणणे मात्र असे एका ओळीत बाजूला सारता येत नाही, कारण त्यामागे खरी वेदना आहे. तालुक्याच्या गावात मराठी माध्यमात शिकलेली मुलगी मुलाखतीला जाते. तिला विषय येत असतो, पण पहिल्याच प्रश्नाला वाक्य अडखळते आणि समोरच्याचा चेहरा बदलतो. ती एम. ए.ला येते तेव्हा हे अडखळणे संपावे ही तिची अपेक्षा असते. ती अपेक्षा क्षुद्र आहे असे मी कधीही म्हणणार नाही. बोलण्याचे इंग्रजी शिकवले पाहिजे, चांगले शिकवले पाहिजे, प्रत्येक तालुक्यात शिकवले पाहिजे. माझे म्हणणे इतकेच आहे की एम. ए. ही ती जागा नव्हे आणि ती तशी करण्याच्या नादात आपण त्या मुलीला दोनदा फसवतो.

पहिली फसवणूक सरळ आहे. चौसरचे इंग्रजी आज जगात कोणी बोलत नाही. मिल्टनच्या वाक्याची घडण लॅटिनच्या वळणाची आहे. तशी वाक्ये मुलाखतीत बोलणाऱ्याला कोणी नोकरी देणार नाही. अस्खलित बोलणे एवढेच हवे असेल तर सहा महिन्यांचा बरा वर्ग ते काम कमी पैशांत करील. त्यासाठी उमेदीची दोन वर्षे आणि कित्येक शतकांचे वाङ्मय खर्ची घालायला सांगणे अप्रामाणिकपणाचे आहे.

दुसरी फसवणूक खोल आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. जे वाङ्मय आपण संवादकौशल्यासाठी म्हणून मुलांच्या हाती देतो, त्याला अस्खलित बोलणाऱ्यांचा विलक्षण संशय आहे. ब्राउनिंगची 1842 साली प्रसिद्ध झालेली ‘माय लास्ट डचेस’ ही कविता बहुतेक अभ्यासक्रमांत या ना त्या रूपाने असतेच. फेरारा या इटालियन नगरीचा सरदार आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र एका पाहुण्याला दाखवतो आहे. पाहुणा दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला आलेला दूत आहे. सरदाराचे बोलणे अप्रतिम आहे: सभ्य, रसिक, ओघवते. आपल्याला बोलण्याची हातोटी नाही असे तो नम्रपणे म्हणतोही. पत्नी सर्वांकडे सारखेच हसून पाहायची, ही त्याची तक्रार. मग आपण आज्ञा दिल्या आणि ते हसणे थांबले, असे तो जाता जाता सांगतो आणि लगेच हुंड्याच्या गोष्टीकडे वळतो. संपूर्ण कविता यमकांत आहे, पण वाक्ये ओळींच्या शेवटी न थांबता पुढे वाहतात, त्यामुळे यमक कानाला जाणवतच नाही. इतके सफाईदार ते बोलणे आहे. संवादकौशल्याच्या कोणत्याही कसोटीवर या माणसाला पैकीच्या पैकी गुण मिळतील. कविता ज्याला वाचता आली, त्याला त्या सफाईच्या आत एक खून ऐकू येतो.

हे एकटे उदाहरण नाही. लिअर राजा राज्य वाटतो ते तीन मुलींच्या भाषणांवर. थोरल्या दोघी प्रेमाचे उत्कृष्ट सादरीकरण करतात. कॉर्डेलियाला ते जमत नाही, म्हणून तिला काही मिळत नाही. पुढचे सारे नाटक हे त्या एका चुकीच्या ऐकण्याचे फळ आहे. विंदा करंदीकरांना हे नाटक मराठीत आणावेसे वाटले, शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’वर त्याची सावली आहे, आणि दोन्हीकडे गोड बोलणाऱ्यांवर विश्वास टाकलेला म्हातारा उघड्यावर पडतो. किंवा स्विफ्टचा 1729चा प्रस्ताव घ्या. आयर्लंडमधल्या गरिबांची मुले वर्षाची झाली की खाद्य म्हणून विकावीत, असे तो सुचवतो. त्याची मांडणी एखाद्या सरकारी अहवालासारखी आहे. 1,20,000 मुले, त्यांतली 20,000 पैदाशीसाठी राखून ठेवायची, मग क्रमाने सहा फायदे आणि शेवटी आपला यात वैयक्तिक लाभ नाही अशी ग्वाही. अहवाललेखनाचा नमुना म्हणून त्यात दोष काढता येणार नाही. त्या निर्दोषपणाचीच भीती वाटली पाहिजे, आणि ती वाटायला शिकणे हा इंग्रजी साहित्याचा अभ्यास आहे.

इथे कौशल्यवादी एक पायरी मागे सरकतात. ठीक आहे, ते म्हणतात, बोलणे नसेल, पण चिकित्सक विचार हेही कौशल्यच आहे आणि बाजारात त्याला मागणी आहे. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, हे मी मान्य करतो. पण कुठेही वापरता येणारी अशी काही चिकित्सा सुटी करून देता येत असती, तर सरदार, लिअर आणि स्विफ्ट यांची गरजच उरली नसती. चार प्रकरणांचे पुस्तक पुरले असते. तशी पुस्तके आता खरोखर अभ्यासक्रमात येत आहेत आणि तेवढी कविता मागे हटते आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या रचनेत पदव्युत्तर पहिल्या वर्षी 4 श्रेयांकांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प आहे. तो कल्पकतेने राबवता येईलही. पण आपला विषय कशासाठी आहे हे विभागांनाच सांगता येत नसेल, तर त्या तासांत काय करावे हे त्यांना बाहेरचे लोक सांगतील.

अस्खलितपणा आणि वाचन यांचा संबंध किती कच्चा आहे, हे केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्सने दाखवले. त्याने विद्यार्थ्यांना कवीचे नाव न सांगता कविता वाटल्या, त्यांच्या प्रतिक्रिया लिहून घेतल्या आणि 1929 साली पुस्तकरूपाने मांडल्या. इंग्रजी ही बहुतेकांची मातृभाषा होती, शिक्षण उत्तम होते. तरीही पुष्कळांना कवितेतल्या वाक्यांचा साधा अर्थ लागला नव्हता. ओळखीचा शब्द दिसला की ते पुढे धावत होते. ज्याला भाषा सहज येते, त्याला तिच्यात थांबावे लागत नाही, आणि न थांबणाऱ्याच्या हातून बरेच निसटते.

म्हणून माझा सारा भर बोलणारा आणि ऐकणारा या एका भेदावर आहे. बोलणाऱ्याला भाषा स्वतःसाठी हवी असते. ऐकणाऱ्याला दुसरा काय म्हणतो, काय लपवतो आणि कोणाला उद्देशून म्हणतो हे हवे असते. आपण आपल्या मुलांना बोलण्यात कमी ठरवले आहे. ऐकण्यात ती कमी आहेत असे कोणी सिद्ध केलेले नाही. उलट ज्या मुलीने तहसील कार्यालयात, बँकेत, पतपेढीत वडिलांच्या शेजारी उभे राहून साहेबांच्या गोड नकाराचा खरा अर्थ लावलेला आहे, तिला फेरारातला सरदार परका नाही. मराठी माध्यम म्हणजेच वाचनाची पात्रता, असे मी म्हणत नाही. शब्दसंपत्ती कमी असते, संदर्भ माहीत नसतात, आणि या अडचणी खऱ्या आहेत. पण शब्दाशी थांबण्याची तिची सवय हा दोष नसून भांडवल आहे, आणि हे भांडवल आपण पहिल्याच महिन्यात लाजेत बदलून टाकतो. विंदा, जी. ए. कुलकर्णी, रा. भा. पाटणकर हे सारे इंग्रजीचे अध्यापक. त्यांचे इंग्रजी उच्चार कसे होते हे आज कोणी विचारत नाही. मराठीला त्यांच्याकडून मिळाले ते त्यांच्या कानाचे देणे आहे.

या कानाची परीक्षा आपण घेतच नाही. अध्यापकपदासाठी लागणाऱ्या नेट परीक्षेत 2012पर्यंत एक दीर्घोत्तरी पेपर होता, तोही त्या वर्षापासून वस्तुनिष्ठ झाला. आता विषयाचे 100 प्रश्न पर्यायी उत्तरांचे असतात. ब्राउनिंगची कविता 1842ची, ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’ संग्रहातली, हे त्यात विचारता येते. सरदार काय सांगायचे टाळतो, हे विचारता येत नाही. साहजिकच विद्यार्थी कविता सोडून तिच्याविषयीची माहिती वाचतात, आणि उद्या तेच अध्यापक होऊन तीच माहिती पुढे देतात. कौशल्यवादाला यापेक्षा चांगली जमीन मिळाली नसती: वाचन हरवले की उरते ती पदवी, आणि नुसत्या पदवीला नोकरीखेरीज दुसरे समर्थन नसते.

विद्यापीठांनी निदान आपल्या परीक्षेत एक पेपर वेगळा करावा. न शिकवलेला एकच उतारा द्यावा, लेखकाचे नाव देऊ नये, शब्दकोश जवळ ठेवू द्यावा. कोण बोलतो आहे, कोणाशी, आणि ऐकणाऱ्याच्या लक्षात काय येऊ नये असे त्याला वाटते, एवढेच विचारावे आणि तीन तास द्यावेत. पहिल्या वर्षी उत्तर मराठीत लिहिण्याची मोकळीक असावी. तासाला मराठीतून समजावून सांगणे आजही अनेक वर्गांत चालते, पण चोरट्यासारखे. ते उघडपणे व्हावे. मराठीत उत्तर लिहिणाऱ्याला इंग्रजीची पदवी कशी द्यायची, असा आक्षेप येईल. संस्कृतच्या एम. ए.चा विद्यार्थी कालिदासावर मराठीतून उत्तर लिहू शकतो, आणि तेवढ्याने त्याच्या संस्कृतवर कोणी शंका घेत नाही. दुसऱ्या वर्षी सारे लेखन इंग्रजीत व्हावे, प्रबंधिकाही इंग्रजीतच असावी. तोवर त्या मुलीला इंग्रजीत सांगण्यासारखे काहीतरी ऐकू आलेले असेल.